तारा जोडणारे हात: आयात-निर्यात खुली झाली की बायकांच्या कामाचं काय होतं

पुण्याजवळ मोशीत आमच्या बिल्डिंगसमोरच्या वळणावर पहाटे सहाच्या आत चाकणच्या एका कंपनीची बस येते. थंडीत स्वेटरवर ओढणी घट्ट गुंडाळलेल्या आठ-दहा बायका आधीपासून उभ्या असतात. त्यांतल्या एक आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला वहिनी. ताई मूळच्या बीडकडच्या, दहावी झालेल्या, वय छत्तीस. त्या गाडीतलं वायरिंग बनवतात.

कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून एका रविवारी त्यांनी आपलं काम मला वहीत काढून दाखवलं. दारापेक्षा मोठा तिरपा बोर्ड असतो. त्यावर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि कुठली तार कुठून कुठे न्यायची त्याचा आराखडा चिकटवलेला असतो. बोर्ड हळूहळू पुढे सरकत राहतो. पिवळ्यावर हिरवी पट्टी, निळ्यावर पांढरी पट्टी, अशी नेमकी तार उचलायची, खुंट्यांमधून ओढत न्यायची, टोकाचं टर्मिनल कनेक्टरच्या त्याच भोकात ढकलायचं. टक् असा आवाज आलाच पाहिजे. आवाज आला की तार जराशी मागे ओढून बघायची. मग सगळ्या तारा मुठीत धरून काळी टेप गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवून. हे करताना त्यांची बोटं हवेतच फिरत होती.

या गुच्छाला हार्नेस म्हणतात. एका मोटारीत अशी किलोमीटरहून जास्त तार असते, आणि इतकी यंत्रं आली तरी हे काम आजही बरंचसं हातानं चालतं, कारण मऊ, वळणारी, गुंतणारी तार यंत्राला नीट धरता येत नाही. मेक्सिको, मोरोक्को, ट्युनिशिया, युक्रेन, जिथे जिथे हे कारखाने आहेत तिथे लाइनवर मोठ्या संख्येनं बायकाच दिसतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि तिथले हार्नेसचे कारखाने अडखळले, तेव्हा मार्चमध्ये जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांना आपल्या काही लाइन थांबवाव्या लागल्या. तारा जोडणारे हात थांबले आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपन्यांपैकी दोघींच्या लाइन थांबल्या.

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. 'उदारीकरण' या धड्यात बायकांसाठी जेमतेम एखादी ओळ असते, ती म्हणजे रोजगाराच्या संधी वाढल्या. ती ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यातलं राहून गेलेलं इथे मांडते.

आधी व्यापार खुला होणं म्हणजे काय ते बघू. बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार कर लावतं, त्याला आयात शुल्क म्हणतात. परदेशी वस्तू १०० रुपयांची आणि शुल्क ८० टक्के, तर बंदरातून बाहेर पडतानाच ती १८० ची होते. मग देशातला कारखानदार तीच वस्तू, थोडी हलकी का असेना, १७० ला निवांत विकू शकतो. १९९१ मध्ये आपल्याकडे परकीय चलनाचा साठा काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. तेव्हा नरसिंह राव सरकारचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी जुलैच्या अर्थसंकल्पात ही भिंत उतरवायला सुरुवात केली. त्या वेळी सरासरी आयात शुल्क ८० टक्क्यांच्या वर होतं, काही वस्तूंवर तर ३०० च्याही वर. १९९७ पर्यंत सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास आली. भिंत उतरली की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. बाहेरचा माल स्वस्तात आत येतो आणि त्याच्याशी टक्कर न झेपणारे धंदे बसतात. दुसरीकडे बाहेरची यंत्रं, कच्चा माल, सुटे भाग स्वस्त झाल्यामुळे आपला काही माल बाहेर विकायला परवडू लागतो. म्हणून कोणतीही बाई या दोहोंपैकी कुठल्या बाजूला उभी होती, हे आधी विचारावं लागतं.

बायकांच्या बाबतीत अर्थशास्त्रानं दोन मोठ्या आशा दाखवल्या होत्या.

पहिली १९४१ सालची, वुल्फगांग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन यांची. देशात जे मुबलक असतं त्याला व्यापार खुला झाल्यावर मागणी येते आणि त्याचा भाव वाढतो. गरीब देशांत मुबलक काय असतं? कमी शिकलेले हात. त्या हातांमध्ये बायकांचे हात जास्त, कारण शाळेतून आधी मुलीलाच काढतात. म्हणजे व्यापाराचा फायदा गरीब देशातल्या बायकांना सगळ्यात जास्त व्हायला हवा.

दुसरी आशा गॅरी बेकर यांची, १९५७ सालची. काम सारखंच करू शकणारी बाई बाजूला सारून मालक फक्त पुरुषच घेतो, तेव्हा त्या पूर्वग्रहाची किंमत तो स्वतःच्या खिशातून मोजत असतो. स्पर्धा नसेल तोवर ही किंमत परवडते. स्पर्धा आली की परवडेनाशी होते.

याचं उदाहरण शोधायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. १९७४ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली होती आणि मुलींनी अर्ज करू नयेत असं त्यात लिहिलं होतं. एका तरुण मुलीनं जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावणं आलं आणि ती पुण्याच्या कारखान्यात रुजू झाली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. पोस्टकार्डाची ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण तो काळ कसा होता तेही आठवा. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. माल असा रांगेत विकला जात असेल तर कामावर कोणाला घ्यायचं याचा हिशोब कोणाही कारखानदाराला काटेकोर करावा लागत नाही. आता त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीची अख्खी जुळणी लाइन बायका चालवतात, हजाराहून जास्त बायका. बेकर यांचं म्हणणं इथे खरं ठरलेलं दिसतं. पण यासाठी चाळीसहून अधिक वर्षं गेली, हेही त्याच दमात सांगायला हवं.

पहिली आशा सगळ्यात ठळक खरी ठरली ती बांगलादेशात. १९७९ साली तिथल्या 'देश' नावाच्या कंपनीनं कपडे शिवायचं काम शिकायला १३० जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे पाठवलं. त्यांत काही बायकाही होत्या. कोरियाला बांगलादेशाची गरज का पडली? कारण १९७४ पासून श्रीमंत देशांनी माल पाठवणाऱ्या अनेक देशांना कापड-कपड्यांचा कोटा, म्हणजे किती माल घेणार याची मर्यादा, बांधून दिला होता आणि कोरियाचा कोटा भरत आला होता. बांगलादेशावर तेव्हा अशी मर्यादा नव्हती. बांगलादेशच्या कपडे उद्योगाची सुरुवात अशी व्यापारावरच्या बंधनामुळे झाली, म्हणून 'दारं उघडली आणि भलं झालं' इतकी सोपी ती गोष्ट नाही. पुढे युरोपनं बांगलादेशच्या मालाला शुल्क माफ केलं आणि हा उद्योग चाळीस लाखांच्या घरात कामगार असलेला झाला. सुरुवातीला दहांतल्या आठ बायका असायच्या.

त्या मजुरीनं घरात काय बदललं? रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक यांनी कारखान्यांजवळची गावं आणि दूरची गावं ताडून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१५ साली छापून आला. जवळच्या गावांतल्या मुलींची लग्नं उशिरा होत होती, मूलही उशिरा होत होतं. लहान मुलींना शाळेत जास्त टिकवलं जात होतं, कारण कारखान्यात मोजता-वाचता येणाऱ्या मुलीला बरं काम मिळतं हे आईबापांना दिसत होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. भाषणांनी जे सहजी होत नाही ते शेजारच्या मुलीच्या पगारानं होतं.

मात्र मेक्सिकोत उलट घडलं. तिथे निर्यातीचे कारखाने आले तेव्हा दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक मूल नववीतच शाळा सोडून कामाला लागलं, असं डेव्हिड अ‍ॅटकिन यांनी मोजलं. कारखाना शिकलेल्यांना वेगळं मोल देतो की नाही, यावर शाळेचं भवितव्य ठरतं.

आणि बांगलादेशचं नाव घेतलं की राना प्लाझा विसरता येत नाही. २४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ सावरमध्ये आठ मजली इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, त्यांत बायका बहुसंख्य. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी सकाळी कामावर बोलावलं, आणि त्या गेल्या.

कामावर न जाणं त्यांना का परवडलं नाही, या प्रश्नातच या विषयाची गोम आहे. निर्यातीच्या कारखान्यांना बायका का हव्या असतात? नेहमीचं उत्तर असतं, बायकांची बोटं नाजूक, चपळ, त्यांना बारीक काम जमतं. १९८१ साली डायान एल्सन आणि रूथ पीअर्सन यांनी या उत्तराचा पदर उलगडून दाखवला. बोटं जन्मतः चपळ नसतात. मुलीला लहानपणापासून शिवण, निवडण-टिपण शिकवलं जातं, तेव्हा ती तशी होतात. आपल्याकडचं बघा ना. गोधडीला एकसारखे टाके घालणं, गव्हल्या वळणं, वाती वळणं, तांदळातला खडा नजरेनं पकडणं. ताईंनी टेपचा वेढा निम्मा चढवायला कंपनीत शिकून घेतला असेल, पण बोटांतली ती पकड त्यांच्या आईच्या घरात तयार झाली. ते शिक्षण फुकट झालेलं असतं, त्याचा दाखला कुणी देत नाही. म्हणून हजेरीपटावर ताई 'हेल्पर', अकुशल. लेथवर दोन वर्षं शिकलेला मुलगा कुशल आणि वीस वर्षं बोटं घडवलेली बाई अकुशल, असा हा हिशोब आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही.

बायकांना घेण्याचं दुसरं कारण त्यांना कामावरून सहज काढता येण्यात आहे. ऑर्डर वाढली की घ्यायचं, घटली की थांबवायचं. पुण्याच्या एमआयडीसीत याला साधा शब्द आहे, 'ब्रेक'. ठेकेदाराकडून लावलेल्या बाईला काही महिन्यांनी ब्रेक देतात. वर्षभरात २४० दिवस भरले तर कायद्यानं कामगाराचे हक्क वाढतात, त्याच्या आत तिला थांबवलं जातं. ताईंना दोनदा ब्रेक मिळाला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "घरीच आहे सध्या." बेकार आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. सरकारी पाहणी करणाऱ्यानं त्या वेळी दार वाजवलं असतं तर त्याच्या कागदावरही बहुधा 'घरकाम' असंच लिहिलं गेलं असतं. पुरुष थांबला की आकडा बेकारीत दिसतो. बाई थांबली की ती घरात विरून जाते.

आता यंत्रांकडे येते, कारण खरी लढाई तिथे आहे.

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर १९६५ पासून अमेरिकेसाठी माल जुळवणारे कारखाने उभे राहिले, सिउदाद हुआरेससारख्या शहरांत. सुरुवातीला चार कामगारांत तीन बायका होत्या. पुढे कामात गुंतागुंत वाढली, मोटारीचे भाग आले, पगार जरा बरे झाले, आणि पुरुष येऊ लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बायकांचा वाटा निम्म्याच्या थोडाच वर राहिला. बांगलादेशातही यंत्रं वाढली तसा बायकांचा वाटा दहांत आठवरून सहाच्या आसपास घसरला. काम स्वस्त असतं तोवर बायकांचं, मोलाचं झालं की पुरुषांचं, हा क्रम अनेक देशांत दिसला आहे.

पण त्याच मेक्सिकोत दुसरीही एक गोष्ट सापडते. अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला. शुल्क घटल्यावर निर्यातीत उतरलेल्या कंपन्यांनी नवी, संगणकावर चालणारी यंत्रं आणली. चिन्हुई जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की अशा कारखान्यांमध्ये हातानं करायच्या कामात बायकांचं प्रमाण आणि पगारातला वाटा वाढला. कारण उघड आहे. जिथे पूर्वी दंडाची ताकद लागायची तिथे आता बटण आणि स्क्रीन.

एकच देश, आणि निष्कर्ष दोन. मग खरं काय? मला दोन्ही खरे वाटतात. यंत्र आलं म्हणजे बाई जाते असं काही त्या यंत्रावर लिहिलेलं नसतं. ते यंत्र चालवायला कोणाला शिकवतात, त्यावर सगळं ठरतं. व्यापार यंत्राला दारापर्यंत आणून सोडतो. त्याच्यासमोर कोण उभं राहणार हे कारखान्यातला सुपरवायझर, आयटीआयचा प्रवेश आणि घरातला नवरा-सासू ठरवतात.

तुम्ही म्हणाल, भारतात ही कपड्यांची लाट का आली नाही? तामिळनाडूतल्या तिरुप्पूरला काही प्रमाणात आली. पण आपल्याकडे २००० सालापर्यंत शिवलेले कपडे लघुउद्योगांसाठी राखीव होते. त्यामुळे शेजारी एका छताखाली हजारो शिलाई मशीनं लागत असताना आपले कारखाने लहानच राहिले. आपली निर्यात वाढली ती सॉफ्टवेअर, औषधं, मोटारी, त्यांचे भाग यांत. पुण्याचा नकाशाच बघा: हिंजवडी, चाकण, रांजणगाव, तळेगाव. हिंजवडीनं इंजिनिअर झालेल्या मुलींना मोठं दार उघडलं. आयटीत साधारण तीनांत एक कर्मचारी बाई आहे, आणि पुण्यात एकट्या राहून नोकरी करणाऱ्या मुली हे आता कुणाला नवल वाटत नाही, हा बदल लहान नाही. पण दहावी-बारावीला थांबलेल्या मुलीसाठी बांगलादेशासारखं मोठं दार आपल्याकडे उघडलं नाही. स्टॉल्पर-सॅम्युएल्सनची आशा आपल्याकडे अडकली ती इथे.

भिंत उतरल्याचा मार कुठे बसला, हे पेटिया टोपालोवा यांनी जिल्हावार पाहिलं. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतले उद्योग शुल्ककपातीला जास्त उघडे पडले, तिथे गरिबी घटण्याचा वेग इतरांपेक्षा कमी राहिला, कारण माणसं गाव सोडून दुसऱ्या धंद्यात सहज जात नाहीत. त्यांनीच एरिक एडमंड्स आणि नीना पाव्हच्निक यांच्याबरोबर २०१० साली मांडलं, की अशा जिल्ह्यांत मुलांचं शाळेत जाणंही इतर ठिकाणांइतकं वाढलं नाही, आणि त्याचा भार मुलींवर जास्त पडला. शाळेचा खर्च परवडेना, म्हणून मुलगी घरी. तिनं ना आयात पाहिली ना निर्यात, पण शुल्काचा आकडा तिच्या दप्तरापर्यंत पोचला.

आणखी एक वाट आडून जाते. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण करांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा सीमाशुल्कातून यायचा. शुल्क घटवलं की हा पैसा दुसरीकडून आणावा लागतो. ज्या गरीब देशांना तो आणता आला नाही, तिथे दवाखाना, पाणी, अंगणवाडी यांवर कात्री चालली. दवाखाना आखडला की आजारी माणसाची सेवा घरात होते, आणि ती कोण करतं हे वेगळं सांगायला नको.

मावळातल्या गुलाबांबद्दल थोडक्यात सांगते. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधून आणि आसपासच्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीच्या आधी गुलाब परदेशी जातात. तोडणी, दांड्याची लांबी बघून प्रतवारी, बांधणी ही कामं बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या बायका करतात. हंगामात हाताला काम भरपूर असतं, एरवी कमी. जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर, त्यामुळे निर्यातीचा नफाही त्यांच्याच खात्यावर, आणि बाईकडे रोजंदारी. शेतीमालाच्या व्यापारात जगभर हेच दिसतं.

याउलट कचरा वेचणाऱ्या बायकांची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण व्यापाराशी यांचा काय संबंध, असं सगळ्यांना वाटतं.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासदांत बायकाच बहुसंख्य. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, ज्यांच्या ताई आपल्या दारातून ओला-सुका कचरा नेतात. या बायकांची कमाई दोन ठिकाणांहून येते: घरटी मिळणारे पैसे आणि निवडलेला पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्रा विकून येणारे पैसे. हा दुसरा पैसा जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. प्लास्टिकच्या जुन्या बाटलीचा भाव नव्या प्लास्टिकच्या भावाबरोबर हलतो आणि नव्याचा कच्च्या तेलाबरोबर. तेल स्वस्त झालं की गिरणीला जुनं घ्यायची गरज उरत नाही. २००८ च्या अखेरीस अमेरिकेतल्या बँका कोलमडल्या तेव्हा जगभर भंगाराचे भाव कोसळले.

पुढे २०१८ साली चीननं परदेशी कचरा घेणं जवळजवळ बंद केलं. श्रीमंत देशांतला तो कचरा दुसरी बंदरं शोधू लागला, भारतातलीही. कागद गिरण्यांना बाहेरची रद्दी मुबलक मिळाली की कसब्यातल्या जिन्यावरून उतरवलेल्या रद्दीचा भाव पडतो. प्लास्टिकच्या बाबतीत २०१९ मध्ये आपल्या सरकारनं टाकाऊ प्लास्टिकच्या आयातीवर बंदी घातली. भंगाराच्या दुकानात उभी असलेली बाई "आज भाव पडलाय" एवढंच ऐकते. पोतं तेच, वजन तेच, पाठही तीच. तिचं काम देशांच्या रोजगाराच्या तक्त्यात कुठे धड बसत नाही, पण आयात धोरणाचा परिणाम तिच्यावर आपल्या आधी होतो. त्यातही संघटनेतल्या बाईला घरटी पैशांचा आधार असतो, भाव पडला तरी चूल बंद पडत नाही. एकट्यादुकट्या वेचणाऱ्या बाईला तोही नसतो.

आता घराकडे वळू. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार भारतात बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. निर्यातीची ऑर्डर वेळेत द्यायची म्हणून कारखाना ओव्हरटाइम मागतो, तेव्हा ही २८९ मिनिटं कुठून आणायची? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ नुसार बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती. ती अट महाराष्ट्रानं नंतर सैल केली. कागदावर दार उघडलं, पण रात्री साडेअकराला शिफ्ट सुटल्यावर मोशीच्या वळणापासून घरापर्यंतचा अंधार तसाच आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सक्ती कायद्यात आली, पण वेगवेगळ्या ठेकेदारांच्या पटांवर कामगार विखुरले की ५० हा आकडा अनेकदा भरतच नाही.

म्हणून मोठा आकडा दिसला की मी त्याच्या आत डोकावते. भारतात १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ झाला. आनंद वाटावा असा आकडा आहे. पण वाढ मुख्यतः खेड्यात, स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात हातभार लावणाऱ्या बायकांची आहे. त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातात महिन्याअखेरीस पगार पडत नाही.

आणि उघडलेलं दार बाहेरूनही बंद होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा पहिली धास्ती घेतली तिरुप्पूरच्या कपडेवाल्यांनी. अशा वेळी कायम कामगार टिकतो आणि ठेक्यावरचा थांबतो. ठेक्यावर जास्त कोण असतं, हे आपण वर पाहिलंच.

गेल्या दिवाळीनंतर ताईंच्या कंपनीत तार कापून तिच्या टोकाला टर्मिनल दाबणारं स्वयंचलित यंत्र आलं. तारा बोर्डावर लावायचं काम ते करत नाही, पण त्याच्या आधीची बरीच कामं गिळतं. शिकायला सहा जण निवडले, सहाही मुलगे, कारण प्रशिक्षण सेकंड शिफ्टमध्ये होतं आणि त्या शिफ्टला बायकांसाठी बस नाही. कुणी बायकांना विचारलंही नाही. ताईंना हे लागलं. त्या चहाच्या सुट्टीत यंत्रापाशी उभ्या राहून बघतात, आणि घरी आल्यावर बघितलेलं वहीत काढतात.

त्यांनी मला विचारलं, "वहिनी, पस्तिशीनंतर आयटीआयला घेतात का हो?" मी चौकशी करून सांगितलं, की वयाची वरची अट नाही. फर्स्ट शिफ्ट सांभाळून कुठला कोर्स जमेल, हे अजून शोधतोय.

परवा त्या वही घेऊन वर आल्या. यंत्राचं चित्र जवळपास पूर्ण होतं. तारेचं रीळ, सरळ करणारे रोलर, कापायचं पातं, दाबायची डाय. एका चौकोनात मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. "इथे तो मुलगा काहीतरी मोजून फिरवतो, ते कळलं नाही." माझा एक जुना विद्यार्थी भोसरीत टूलरूममध्ये आहे, त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, ती क्रिंप हाइट. टर्मिनल दाबल्यावर त्याची उंची किती राहते ते मायक्रोमीटरनं मोजायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. जास्त राहिली तर तार सुटते, कमी झाली तर तुटते.

ताईंनी चौकोनात पेन्सिलनं लिहून घेतलं आणि त्याला विचारलं, "मायक्रोमीटर बाहेर विकत मिळतो का, दादा?"